बँडसाठी बांधलेली चाल

अमेरिकेत जॉन फिलिप सूसा यांनी संचलनाच्या धुना रचून बँडला मान मिळवून दिला. आपल्याकडे बँडचा प्रश्न निघाला तो राष्ट्रगीत ठरवताना, ‘वंदे मातरम्’वरून. हे गीत बँडवर वाजवणं अवघड, असा आक्षेप होता. भास्करबुवा बखले यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर तेव्हा इरेला पेटले. रंगभूमी आणि ‘प्रभात’चे चित्रपट गाजवलेल्या या गवयानं झिंझोटी रागात समूहाला पेलेल अशी चाल बांधली, बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीत नेत्यांना ऐकवली. एरवी ठुमरीत रमणारा झिंझोटी संचलनाला जुंपायचा, हे धाडसच! २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत ‘जन गण मन’ ठरलं. ‘वंदे मातरम्’ला मात्र समान मान मिळाला.