तोफेची शिदोरी

जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात गावातील एका माजी सैनिकाने केलेले भाषण



१९७१ च्या लढाईबद्दल दोन शब्द सांगावेत, अशी समितीची आज्ञा झाली. शाळेतली मुले मला नेहमी विचारतात, "आजोबा, तुम्ही शत्रू किती मारले?" खरे सांगायचे तर लढाईत मी शत्रू पाहिलासुद्धा नाही. मी तोफखान्यात होतो, आणि त्यातही ड्रायव्हर. माझ्या ताब्यात शक्तिमान ट्रक होता. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागला, तोच.

आमचे शिक्षण नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात झाले. पायदळाच्या पलटणीला निशाण असते. तोफखान्याला वेगळे निशाण नाही, तोफ हेच निशाण. दसऱ्याला तिची पूजा होते ती काही नुसती रीत म्हणून नव्हे.

आमची तोफ पंचवीस पौंडी. तिचा गोळा साडेअकरा किलोच्या आसपास, पल्ला सुमारे १२ किलोमीटर. गोळा वेगळा भरायचा आणि दारूचे पितळी नळकांडे वेगळे. नळकांड्यात लाल, पांढऱ्या, निळ्या पिशव्या; अंतर पाहून त्या कमीजास्त करायच्या. आता शेतकऱ्याच्या हिशेबाने पाहा. एका तोफेने मिनिटाला चार गोळे टाकले तर दहा मिनिटांत चाळीस, म्हणजे साडेचार क्विंटल. रेजिमेंटमध्ये तोफा अठरा. दहा मिनिटांत ऐंशी क्विंटल माल संपला! हा माल पोचवायचा कोणी? आम्ही.

३ डिसेंबरला संध्याकाळी युद्ध पेटले. आम्ही सांबा भागातून शकरगडच्या बाजूला सरकलो. सगळा प्रवास रात्रीचा, आणि हेडलाइट लावायची बंदी. पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग दिलेला असे आणि त्यावर एक बारीक दिवा. बैलगाडीखाली कंदील टांगतात ना, तसे समजा. तो पांढरा ठिपका धरून मागच्याने चालायचे. ठिपका लहान झाला तर गाडी पळवायची, मोठा झाला तर आवरायची. थंडी अशी की स्टिअरिंगवरची बोटे आपली वाटत नसत.

बसंतर नदीच्या बाजूला जाताना वाटेत सुरुंगांचे पट्टे होते. सॅपर लोकांनी ते साफ करून दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी लावून वाट आखलेली. माझ्या पुढच्या गाडीवर शेजारच्या तालुक्यातला एक जवान होता. नाशिक रोडपासून आम्ही बरोबर होतो, एका ताटात जेवलेले. त्याच्या गाडीचे मागचे चाक पट्टीबाहेर गेले. गाडीत गोळे भरलेले होते. समोर माताभगिनी आहेत, म्हणून अधिक सांगत नाही.

थांबायचा हुकूम नव्हता. तोफा मालाची वाट पाहत होत्या. माझ्यापुढे आता ठिपका नव्हता. तेव्हा एक मद्रासी सॅपर आला आणि एका हाताने पट्टी चाचपत माझ्या बोनेटपुढे चालू लागला. त्याला मराठी येत नव्हते, मला त्याची भाषा येत नव्हती. पट्टा संपला तसा त्याने बोनेटवर दोनदा थाप मारली आणि मागच्या गाडीला आणायला परत फिरला. त्याचा चेहरा मला अंधारात दिसलासुद्धा नाही.

बसंतरची लढाई पुस्तकांत आहे. १६ डिसेंबरला पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल वयाच्या एकविसाव्या वर्षी तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आम्ही त्या दिवसांत फक्त पेट्या उतरवत होतो. १७ तारखेला रात्री आठ वाजता युद्धबंदी झाली. इतके दिवस कानठळ्या बसलेल्या, त्यामुळे ती शांतता सहन होईना. उस्तादांनी हुकूम दिला, उरलेल्या पेट्या मोजा. मोजल्या.

त्या जवानाच्या धाकट्या भावाने आपल्या दीपमाळेसाठी देणगी दिली आहे. यादीत नाव घालू नका, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून मीही घेत नाही. समितीला विनंती एवढीच, की दीपमाळेची खालची एक पणती डिसेंबरभर रोज लावावी. तेल मी देईन, माझ्यामागे माझा मुलगा देईल. त्याला मी तसे सांगून ठेवले आहे.

जय हिंद. रामराम.