हंड्यातले पाणी, कोवळी वेल



द्राक्षवेल म्हटले की आपल्याला फळ आठवते. दिंडोरीकडच्या पाड्यावर मात्र फळ दूरच. फेब्रुवारीत लावलेले खुंटरोप मे महिना काढेल का, हीच काळजी.

बाया हंड्याने पाणी आणतात, रोज थोडे शिंपडतात. वरची मातीच भिजते. मुळे वरच राहतात आणि उन्हात करपतात. म्हणून सांगतो, संध्याकाळी सावकाश, वीतभर खोल भिजवा. ठिबक नसेल तर रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, भरून झाका. ते पाझरत राहते. आळ्यात पाचट अंथरा. पुढचे पाणी देण्याआधी माती उकरून बघा. ओल असेल तर थांबा, चिखलात मूळ गुदमरते.

कुणाच्या तरी डोक्यावरून आलेले हे पाणी आहे. त्याचा थेंबही वाया जाऊ नये.