पोटातील उपकारक जिवाणू

माणसाच्या मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू वसतात, आणि त्यांतील बहुतेक रोगकारक नसून पचनाला साहाय्य करणारे असतात.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्रमाण अधिक आढळले.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि पालेभाजी यांत तंतू, म्हणजे माणसाला स्वतः न पचणारा वनस्पतींचा भाग, भरपूर असतो;
आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करून जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते.

हे उपकारक जिवाणू आतड्यातील जागा आणि अन्न व्यापून टाकतात, त्यामुळे दूषित पाण्यातून आलेल्या रोगजंतूंना तेथे सहज पाय रोवता येत नाहीत.

मात्र प्रतिजैविके, म्हणजे जिवाणू मारणारी औषधे, रोगजंतूंबरोबर उपकारक जिवाणूंचाही नाश करतात;
आणि विषाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांवर तर त्यांचा उपयोगच होत नाही.

म्हणून पावसाळ्यात जुलाब सुरू होताच रुग्णाला जलसंजीवनी पाजत राहावे, तान्ह्या बाळाचे स्तनपान चालू ठेवावे, आणि शौचातून रक्त पडल्यास किंवा मूल सुस्त झाल्यास विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे.

पाणी उकळून प्यावे, हात साबणाने धुवावेत.

आणि श्रोतेहो, पुन्हा एकदा :
पोटातील बहुतेक जिवाणू उपकारक आहेत, म्हणून प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.