घराची कचेरी झाली, तिचे भाडे कोण देणार?

(तिरुविसनल्लूर, जिल्हा तंजावर येथे रेल्वे व डाक खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



अभ्यासवर्ग भरवायला कुंभकोणमजवळचे हे लहानसे खेडेच का निवडले, असे आपल्यापैकी अनेकांनी आम्हाला विचारले. त्याचे उत्तर आधी देतो, कारण आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच होते. विषय आहे घरातून करायच्या कामाचा. तोही चार दिवसांसाठी म्हणून सुरू झालेल्या आणि मग संपता न संपणाऱ्या कामाचा.

या गावाचे दुसरे नाव शहाजिराजपुरम. नावावरूनच आपल्या लक्षात येईल की याचा संबंध भोसल्यांशी आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठ्यांची गादी स्थापली. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात त्या गादीवर होते. त्यांनी १६९३ च्या सुमारास हे गाव पंचेचाळीसएक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. रामभद्र दीक्षित आणि श्रीधर वेंकटेश अय्यावाळ ही नावे या गावाशी जोडलेली आहेत. या मंडळींचे काम काय? घरी बसून ग्रंथ लिहायचे आणि घरीच विद्यार्थ्यांना शिकवायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर हे सगळे गावच घरातून काम करणारे होते.

मित्रहो, त्या जमिनी कसणारा कोण होता आणि त्याच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. राजाच्या दानाची स्तुती करायला आम्ही उभे नाही. पण एक गोष्ट टिपून ठेवा. ज्या राजाला माणसांनी घरातून काम करावे असे वाटले, त्याने त्यांच्या राहण्याची आणि पोटाची सोय आधी लावून दिली. 'काम सुरू करा, बाकीचे मागाहून बघू' असे तो म्हणाला नाही.

या गावात अशी कथा सांगतात की अय्यावाळांच्या घरच्या विहिरीत साक्षात गंगा प्रकट झाली. श्राद्धाचे अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्याला दिले आणि त्यावरून गावाने त्यांना वाळीत टाकले, असा तो प्रसंग. पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, तशीच ही. कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीवर आजही स्नानाला गर्दी होते. संतांच्या घरी गंगा आली. तुमच्या-आमच्या घरी मात्र कचेरी आली. आणि आली ती परत जाण्याचे नाव घेईना.

कशी आली ते आठवून पाहा. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली ती एकवीस दिवसांची म्हणून. १४ एप्रिलला ती संपायची होती. मग ३ मे झाला, १७ मे झाला, ३१ मे झाला. मुंबईच्या लोकल जून २०२० मध्ये सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सर्वसामान्य प्रवाशाला फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळेपुरते आत घेतले, एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर काढले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लसीच्या दोन मात्रांची अट घालून परत घेतले. एकवीस दिवसांचे दीड वर्ष झाले.

या काळात आपल्याच कामगारांत दोन तट पडले. गँगमन, पॉइंट्समन, लोको पायलट, स्टेशन मास्तर यांचे काम घरी नेता येत नाही. प्रवासी गाड्या थांबल्या, पण मालगाड्या धावतच होत्या आणि रूळ कोणीतरी तपासतच होते. पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक औषधांची पार्सले पोहोचवीत होते, आधारच्या अंगठ्यावर घरोघर पैसे देत होते. ते म्हणत, 'कचेरीतल्या बाबूंची मजा आहे, घरी बसून पगार.' आणि घरी बसलेला बाबू म्हणे, 'तुमची ड्यूटी संपते तरी. आमची संपतच नाही.' दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. पण या भांडणाचा फायदा कोणाला होतो, हे संघटनेत मुरलेल्या माणसाला सांगायला नको.

घरी बसलेल्याची मजा कशी होती तेही पाहू. टाइप वनचे क्वार्टर, एक खोली आणि स्वयंपाकघर. एकच मोबाइल. त्यावर सकाळी पोराची शाळा, दुपारी साहेबांची मीटिंग आणि रात्री नऊला 'तेवढे स्टेटमेंट पाठवा' असा निरोप. खुर्ची नाही म्हणून पलंगावर बसून काम, त्यातून पाठदुखी. इंटरनेटचा खर्च आपला, विजेचे बिल आपले. नोकरी करणाऱ्या भगिनींचे तर विचारू नका. पूर्वी घरचे काम आणि कचेरीचे काम यांच्यामध्ये निदान लोकलचा एक तास होता. तो चेंगराचेंगरीचा असेल, पण तिचा स्वतःचा होता. तोही गेला. ओसरी दिली की हातपाय पसरायला वेळ लागत नाही, असे आपल्या म्हणीत सांगितलेच आहे.

आणखी एक नुकसान झाले, ते बिलात दिसत नाही. आपली संघटना कशावर उभी राहिली? गेट मीटिंगवर, नोटीस बोर्डवर, कँटीनमधल्या अर्ध्या चहावर. कोणाची बदली अन्यायाने झाली, कोणाचा ओव्हरटाइम बुडाला, हे तिथे कळते. घरी बसलेल्या कामगाराला साहेबाचा फोन येतो, शेजारच्या टेबलाचा आवाज येत नाही. एकटा कामगार सगळ्याला 'होय साहेब' म्हणतो.

आता कोणी म्हणेल की ती साथीची वेळ होती, संपली. बंधूंनो, घरातून काम ही गोष्ट साथीने आणलेली नाही. ती आपल्याच खात्यात दीडशे वर्षे मुरलेली आहे. डाक खात्यातल्या साथींनी ओळखलेच असेल. आम्ही शाखा डाकपालाबद्दल बोलतो आहोत.

आज ईडी म्हटले की भलेभले दचकतात. पण डाक खात्यात ईडी हा शब्द पूर्वीपासून आहे आणि त्याला कोणी कधी घाबरले नाही. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे खात्यात असून खात्याबाहेरचा. इंग्रजांनी काढलेली ही युक्ती. खेड्यात पूर्ण डाकघर परवडत नाही, तेव्हा गावातला शाळामास्तर, दुकानदार, निवृत्त माणूस बघावा आणि दिवसाचे काही तास त्याच्या घरून टपालाचे काम करून घ्यावे. त्याचे पोट दुसऱ्या उद्योगावर चालते, तेव्हा पगार नको, थोडा भत्ता पुरे. जागा त्याचीच. सोय तात्पुरती, खर्च थोडा.

ही तात्पुरती सोय आज देशातल्या लाखाहून अधिक शाखा डाकघरांचा पाया आहे. नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झाले. उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे ही अट राहिली. डाकघरासाठी गावात जागा शाखा डाकपालानेच द्यायची ही अटही राहिली. कामाचे तास कागदावर चार किंवा पाच, पण माणूस पासष्टाव्या वर्षापर्यंत त्यातच. विसाव्या वर्षी लागलेला माणूस पंचेचाळीस वर्षे 'अर्धवेळ' राहतो. आणि तास संपले म्हणून गावकरी दार ठोठावायचे थांबतो का? डाकघर घरात असेल तर रात्री आठलाही म्हातारी आजी विचारायला येते, 'माझी पेन्शन आली का रे बाबा?' तिला 'उद्या ये' म्हणायचे कसे? डाकपाल बाहेर गेला तर घरची लक्ष्मी खिडकीत बसते. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. २०१७ च्या अखेरीस दर्पण योजनेतून हातातली यंत्रे आली, काम वाढले. पण रेंज मिळेल ती जागा शोधत फिरायचे ते डाकपालानेच.

मग या माणसाला काहीच मिळाले नाही का? मिळाले, पण ते भांडून मिळाले. १९७७ साली राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा माणूस उचलून आणलेला रोजंदार नाही, तो सरकारच्या नियंत्रणाखाली नागरी पद धारण करतो. त्यानंतर न्यायमूर्ती तलवार समितीपासून २०१६ च्या कमलेश चंद्र समितीपर्यंत समित्या झाल्या. शेवटच्या समितीच्या शिफारशी पडून राहिल्या तेव्हा मे २०१८ मध्ये ग्रामीण डाक सेवकांनी बेमुदत संप केला. जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी आली आणि १ जुलै २०१८ पासून भत्त्याची किमान पायरी दहा हजार ते साडेचौदा हजार रुपये अशी ठरली. नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा आणि त्याच्यासारखे पेन्शन मात्र अजून दूरच आहे.

खात्याबाहेरही हेच चित्र आहे. इथून जवळच तिरुभुवनम आहे. तिथले रेशीम विणणारे विणकर प्रसिद्ध. तिथल्या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण साडी विणली जाते ती विणकराच्या राहत्या घरात. माग जमिनीतल्या खड्ड्यावर. रेशीम आणि जर सोसायटीकडून किंवा मालकाकडून येते. खोली, खड्डा आणि घरच्यांचे हात विणकराचे. नवरा विणतो, बायको कांड्या भरते, मजुरी साडीवर. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी आले की काम बंद आणि मजुरीही बंद. फॅक्टरीचे छप्पर गळले तर मालकाचे नुकसान, घराचे गळले तर कामगाराचे.

आपल्याकडे सोलापूर, सिन्नर, निपाणीच्या विडी कामगार भगिनी पिढ्यान्पिढ्या हेच भोगत आल्या. घरी विड्या वळायच्या, छाट काढून मालक मजुरी कापणार, आणि हक्क मागितला तर म्हणणार, 'ही आमची कामगारच नाही, ती तिच्या घरी काम करते.' या युक्तिवादाला १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने छेद दिला. कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले. मालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. कागदावर आलेले सगळेच पदरात पडले असे नाही, पण कागद असल्यामुळे भांडता आले.

जगाच्या पातळीवर १९९६ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. कामगार घरी बसतो म्हणून त्याचे हक्क कमी होत नाहीत, हे त्याचे सार. त्याच्या सोबतच्या शिफारशीत म्हटले आहे की कामाच्या अटी लेखी द्याव्यात आणि वीज, पाणी, संपर्क यांचा खर्च भरून द्यावा. भारताने हा करार अजून स्वीकारलेला नाही. त्याच करारात एक वाक्य असे आहे की नोकरीतल्या माणसाने अधूनमधून घरी काम केले म्हणून तो घरकामगार ठरत नाही. आपल्या सगळ्या प्रश्नाची नाडी या 'अधूनमधून'मध्ये आहे. अधूनमधूनचे रोजचे कधी झाले, हे कोणी मोजायचे? प्रशासन मोजणार नाही. मोजायचे ते आपणच.

तेव्हा करायचे काय? आधी आपल्या हातातल्या गोष्टी सांगतो.

घरातून काम करायची वेळ आलीच तर कामाची जागा ठरवा, कोपरा का होईना. कामावर बसल्याची आणि उठल्याची वेळ रोज वहीत लिहा. पुढे तीच वही पुरावा होते. कचेरीचे काम घरच्या माणसांवर टाकू नका, फुकटचे हात एकदा दिले की ते गृहीत धरले जातात. घरात दोघे नोकरी करीत असतील तर चूलही दोघांची. आणि आठवड्यातून एकदा तरी शाखेच्या बैठकीला देहाने हजर राहा.

आता प्रशासनापुढे ठेवायच्या मागण्या.

एक, घरातून काम करण्याचा आदेश लेखी हवा आणि त्यावर संपण्याची तारीख हवी. मुदत वाढवायची तर संघटनेशी बोलून.

दोन, कामाचे तास ठरलेले हवेत. त्यानंतर फोन न उचलणे हा गुन्हा नाही.

तीन, वीज, इंटरनेट, यंत्र आणि बसण्याची सोय यांचा खर्च मालकाचा.

चार, कामाच्या वेळेत घरी इजा झाली तर ती ड्यूटीवर झालेली इजा धरावी.

पाच, घरातून काम ऐच्छिक हवे आणि परत येणाऱ्याची कचेरीतली जागा शाबूत हवी.

सहा, आणि ही सर्वांत जुनी थकबाकी आहे: शाखा डाकपालाच्या घरातल्या डाकघराचे रीतसर भाडे द्या आणि त्याच्या खऱ्या कामाचे तास मोजा. ही मागणी फक्त डाकवाल्यांची समजू नका. डाकपालाच्या घराला भाडे मिळाले तर उद्या रेल्वेच्या कारकुनाला आपल्या खोलीचा हिशोब मागता येईल. आणि गँगमन त्या कारकुनामागे उभा राहिला, तर उन्हातान्हात रूळ तपासणाऱ्याच्या मागणीमागे कारकूनही उभा राहील.

उद्या सकाळी या गावातून निघाल की आपापल्या शाखेत जाऊन एक काम करा. किती सभासद घरातून काम करतात, कधीपासून करतात, आणि त्यांच्या हातात लेखी आदेश आहे का, याची यादी करा. शेजारच्या गावातल्या शाखा डाकपालाचे नाव त्या यादीत सर्वांत वर लिहा. तो आपल्या सगळ्यांच्या आधीपासून थांबलेला आहे. ती यादी हातात घेऊनच पुढच्या बैठकीला या.

कामगार एकजुटीचा विजय असो!