झाड लावा, पण आधी माणूस मोजा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी फार शिकलेला माणूस नाही. गिरणीतली पाळी संपल्यावर जे वाचलं, तेवढीच माझी शाळा. आज मी जमिनीवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला कसली आली जमीन? पण आपल्या वस्तीतली निम्मी घरं मराठवाड्यातून आलेली आहेत आणि तिकडे आपला कोणी ना कोणी भाऊबंद आजही गायरान कसतो आहे.

गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. ज्यांच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं, त्या आपल्या माणसांनी तिथले दगड वेचले, बांध घातले आणि ज्वारी पेरली. त्यासाठी लढावं लागलं. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आयाबाया लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. पुढे १९९१ साली शासन निर्णय निघाला, की १४ एप्रिल १९९० पर्यंत दलित-आदिवासी भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करावीत. निर्णय निघाला, पण पुष्कळांच्या सात-बारावर नाव काही चढलं नाही.

आता नवीन संकट आलं आहे, आणि ते हिरव्या रंगाचं आहे. हवामान बिघडलं, ऊन वाढलं, पाऊस बेभरवशाचा झाला, हे खरंच आहे. त्याची पहिली झळ आपल्याच कोरडवाहू माणसाला बसते. म्हणून झाडं लागली पाहिजेत, सूर्याची वीजही झाली पाहिजे. २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर नापीक जमीन सुधारू, असं भारत सरकारनं २०१९ साली जाहीर केलं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०२३ मध्ये राज्यात जी सौर योजना आली, तिच्यासाठीही गायरानासकट सरकारी जमिनी घेतल्या जातात. माझा प्रश्न साधा आहे. ही झाडं आणि ह्या सौर पट्ट्या कुणाच्या रानात? बागायतदाराच्या उसात कुणी खड्डे खणत नाही. कागदावर जी 'पडीक' दिसते तीच जमीन निवडतात. आणि कागदावर पडीक कोणती? जिथे आपलं नाव लिहिलेलं नाही ती.

माझ्या चुलत्याच्या रानात हेच झालं. पावसाळ्याच्या तोंडावर माणसं आली आणि पेरणीला तयार केलेल्या वावरात रोपांसाठी खड्डे खणायला लागली. चुलती आडवी झाली. चुलत्यानं पत्र्याची पेटी उघडून अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या काढल्या. ज्या पावतीनं सरकारनं त्याला गुन्हेगार ठरवलं, तीच पावती पुरावा झाली! चार एकरांतलं अडीच एकर वाचलं. दीड एकर गेलं ते गेलंच.

कायदा आपल्या बाजूनं अगदीच नाही असं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा निकाली निघेपर्यंत वनजमिनीवरून हुसकता येत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू ग्रामसभेनं स्वतः विकला. तिथे लोकांचा हक्क आला म्हणून जंगल संपलं नाही. पण त्याच कायद्यात आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. आपल्या माणसानं एवढा पुरावा आणायचा कुठून? आणि गायरान तर महसूल खात्याचं. तिथे हा कायदा सहसा लागू होत नाही. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानधारकांना राज्यभर नोटिसा निघाल्या, त्या आठवत असतील.

म्हणून आमची मागणी अशी, की आधी कसणाऱ्याची नोंद करा, ग्रामसभेत विचारा, मग खड्डा खणा. झाड लावायचंच असेल तर कसणाऱ्यालाच लावू द्या, फळही त्याचंच असू द्या.

आणि आपण काय करायचं? दिवाळीत गावी जाल तेव्हा नुसता फराळ घेऊन जाऊ नका. म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडा. दंडाच्या पावत्या, पंचनामे, नोटिसा यांच्या झेरॉक्स काढा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही असते. तिच्यात आपल्या माणसाचं नाव आहे का ते बघा, नक्कल मागा. ग्रामसभेला बायकांना पुढे बसवा. शिकलेल्या पोरांनी अर्ज लिहून द्यावेत. रविवारी विहारात ह्या कामासाठी दोन तास बसायला मी तयार आहे.

आमची गिरणी बंद पडली तेव्हा यंत्रं मोजली, जमीन मोजली. कामगार कुणी मोजला नाही. गावाकडच्या भावाचं तसं होऊ द्यायचं नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!