हलक्या गाडीचं पुढचं चाक

घरच्या गॅरेजमध्ये स्वतः मोटार बांधायची, ही कल्पना आपल्याला जरा चमत्कारिक वाटते. ब्रिटनमध्ये मात्र ही जुनी हौस आहे. 1957 मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं ‘सेव्हन’ ही जेमतेम 500 किलोंची दोन आसनी गाडी आणली. तिचे सुटे भाग घेऊन घरी जोडले, की त्या काळचा खरेदीकर वाचायचा. पुढे 1996 मध्ये रॉन चँपियन यांनी तशीच गाडी 250 पौंडांत कशी बांधावी, याचं पुस्तक लिहिलं.

इंग्लंडमध्ये राहत असताना माझ्या शेजाऱ्यानं अशी गाडी बांधायला घेतली आणि मी मदतीला गेलो. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल हे सगळं जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं. पण एस्कॉर्टच्या पुढच्या चाकांवरचे उंच स्ट्रट या गाडीच्या ठेंगण्या नाकात मावत नाहीत. तिथे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे दोन हात लागतात, एक वर आणि एक खाली. त्यांना म्हणतात विशबोन. दोन्ही विशबोनना जोडणारा, चाक पेलणारा उभा भाग म्हणजे अपराइट. तो कोणत्या गाडीचा घ्यायचा, यावर आमचा खरा वाद झाला.

माझं मत ट्रायम्फ हेराल्डच्या बाजूनं होतं. अपराइट चाकाबरोबर वरखाली होतं. ते जड असेल, तर खड्ड्यातून उसळलेलं चाक आवरणं हलक्या गाडीला कठीण जातं. हेराल्डचं अपराइट हलकं. लोटसनंही तेच वापरलं होतं. आपल्याकडे मद्रासला 1961 पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड ही तिचीच बहीण होती.

आम्ही हेराल्डची जुनी जोडी आणून उघडली. या अपराइटचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते ट्रनियन नावाच्या ब्राँझच्या तुकड्यात फिरतं. त्यात नियमित गिअर ऑइल भरावं लागतं. आमच्या तुकड्यात तेलाचा थेंब नव्हता; आटे गंजले होते. असा आटा चालत्या गाडीत तुटला, तर चाक आडवं होतं. शेजारी शांतपणे म्हणाला, “मी तेल घालायला विसरणारा माणूस आहे.”

मग त्यानं कॉर्टिनाचं अपराइट घेतलं. ते जड, पण वर-खाली बॉल जॉइंट असलेलं. ते सैल झाले, की तपासणीत कळतं आणि बदलता येतात. हलकेपणाचं गणित आम्ही निदान स्प्रिंगमध्ये सांभाळलं. कॉर्टिनाची स्प्रिंग दुप्पट जड गाडीसाठी असते. ती आमच्या गाडीत दगडासारखी वागली असती. आमच्या एका पुढच्या चाकावर सुमारे 120 किलो भार. चाक एक सेंटिमीटर उचलायला साधारण 11 किलो जोर लागावा, असं ठरवलं. पण स्प्रिंग विशबोनच्या दोन तृतीयांश अंतरावर बसते आणि हे प्रमाण दोनदा मोजावं लागतं. म्हणजे चाकाला स्प्रिंगचा चार नवमांशच ताठपणा मिळतो. म्हणून स्प्रिंग आणली सेंटिमीटरला 25 किलोंची.

ब्रिटनमध्ये आज अशी गाडी सरकारी तपासणीत उतरल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. पण तपासणी एका दिवसाची. गाडी वर्षानुवर्षं चालवायची असते. तेव्हापासून कोणताही भाग निवडताना मी त्याच्या वजनाबरोबर त्याची निगा राखणाऱ्या माणसाचाही विचार करतो.