दंडाची पावती म्हणजे अपघाताचा निकाल नव्हे



२९ मे २०२३ रोजी म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूरजवळ खासगी बस व मोटारीची टक्कर होऊन १० जण दगावले. अशा अपघातानंतर घरच्यांचा दुसरा लढा सुरू होतो, तो नुकसानभरपाईचा. आपण रेल्वे-टपालवाले रात्री-अपरात्री दुचाकीवरून ड्युटीवर जातो, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

पोलिसांनी दंड केला की दावा बुडाला, असे अनेकजण समजतात. तसे नाही. दंड नियमभंगाचा असतो. अपघाताचा दोष कोणाचा, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुराव्यावरून ठरवते. मोटारसायकलवर तिघे होते म्हणून एका मृताच्या वारसांची भरपाई १० टक्के कापली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ती कपात रद्द केली. नियमभंगामुळेच अपघात घडला वा वाढला, हे आधी सिद्ध व्हावे लागते.

मात्र कोर्टात दिलेली गुन्ह्याची कबुली दाव्यात आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. म्हणून सल्ल्याशिवाय कबुली देऊ नका. एफआयआर व पंचनाम्याच्या नकला घ्या, दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. घाबरून घरी बसू नका, युनियनच्या शाखेत या. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.